घेण्यास नकार

लंडनच्या कोर्टाचं पहिलं पाकीट उंद्रीला आमच्या दारात आलं, तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. पोस्टमनने माझं सासरचं नाव वाचलं आणि हातातलं सूप तसंच राहिलं. मी उठणार तोच आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून ओरडले, "घेऊ नको वं! नाही घेतला त कोर्टाले काय समजते, तू कुठी हाय?"

पोस्टमनने पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि सायकल वळवली. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा मला आजही राग येतो.

आबांना कोर्टकचेरीतलं फार कळतं असा गावाचा समज, आणि त्यांचा स्वतःचाही. शेजाऱ्याशी असलेला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा त्यांनी नोटिसा चुकवून चुकवून वर्षानुवर्षं लांबवला होता. शेवटी शेजारीच वारला, तेव्हा आबांनी पेढे वाटले नाहीत एवढंच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आबा म्हणत, चढली तर उतरू नये.

पण हा दावा हातभर जमिनीचा नव्हता. माझी सहा वर्षांची मुलगी लंडनला जन्मली, तिचा पासपोर्ट तिकडचा. नवऱ्याशी पटेना म्हणून मी तिला घेऊन माहेरी आले, त्याला दोन वर्षं होत आली होती. एव्हाना ती वऱ्हाडीत भांडायला शिकली होती. नवऱ्याने तिकडच्या कोर्टात अर्ज केला होता, मुलगी परत हवी म्हणून.

महिन्याभराने त्या कोर्टाचा हुकूम ईमेलवर आला. मी आणि आबा तो घेऊन चिखलीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला.

"मुलगी त्यांची नागरिक आहे. ती उंद्रीत राहो की आणखी कुठे, तिच्याबद्दल ठरवायचा हक्क आपल्याला आहे असं ते कोर्ट धरतं. तुम्ही कागद नाकारला, म्हणून तुमच्याशिवाय सुनावणी झाली. मुलीला परत आणा म्हणतात."

"लंडनचा बेलिफ का उंद्रीले येते?" आबांनी विचारलं.

"बेलिफ नाही येणार, आबा. पण जावई हा कागद घेऊन आपल्या हायकोर्टात येईल. आणि इथले न्यायाधीश पहिलं हेच विचारतील, बाईने उत्तर का दिलं नाही? आता पुढची तारीख व्हिडिओवर आहे. त्या तारखेचे कागद येतील, ते घ्या."

पुढचा कागद घ्यायचा, असं परतताना एसटीत आबाच म्हणाले.

त्या दिवसापासून मी भ्याले ती भ्यालेच. शाळेजवळ अनोळखी गाडी दिसली की मी तिचा नंबर लिहून ठेवायची. मधल्या सुट्टीत मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. वेणी घालताना माझा हात नकळत आवळायचा आणि मुलगी ओरडायची. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. लहान मुलांना काय कळतं, असं आपण आपलं धरून चालतो.

दुसरं पाकीट आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दारातून मुलीचा आवाज आला, "आई घरी नाही. गावाले गेली." पाठोपाठ कडी लागली. मी धावले, तिला बाजूला सारून कडी काढली आणि पोस्टमनच्या मागे मारुतीच्या देवळापर्यंत अनवाणी पळाले. मागून आबा धापा टाकत येत होते. "थांब बे! देऊन जाय तो कागद!"

मी सही केली.

परत आलो तर मुलगी उंबऱ्यावर उभी होती. ती आबांकडे बघत होती.

"आबा, तुमी घेऊ देला? तुमीच त म्हणत होते, कागद घेतला का मले घेऊन जातीन."

आबा पायरीवर बसले. तिचा हात धरायला गेले, तर तिने तो मागे घेतला.

"मंग कवा येतीन मले न्याले?" तिने विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी येणार नाही, एवढंच मी म्हणायचं होतं. मी पाकीट फोडलं आणि आत तारीख शोधू लागले.