फोनवरून मेंढीला गाणारी आपा

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचंच म्हणणं आहे. असू द्या. पण एक बाई अशी आहे, की तिच्याविषयी बोलायला बसले की याच तोंडातून वाकडा शब्द निघत नाही. तिला मी समोरासमोर कधी पाहिलेलं नाही. ती राहते किर्गिझस्तानात. आम्ही राहतो पालीला, बीडजवळ, धरणाच्या अंगाला. आमची थोडी शेती आणि बाकी मेंढरं.

लेक बारावीला चांगली निघाली, पण इकडच्या सरकारी कॉलेजात थोडक्यात हुकलं. आमच्या भागातली काही पोरं डॉक्टरकी शिकायला तिकडं गेलती, त्यांच्याकडून तिनं माहिती काढली. घरात त्या देशाचं नाव कुणाला धड घेता येईना. माझे थोरले दीर म्हणाले, "हे पाकिस्तानच्या पल्याड हाय काय?" लेक म्हणाली, "काका, आशियातच हाय की!" जणू काही उमापूरच्या बाजाराला चालली होती.

आशिया मला शाळेतला ठाऊक होता. बाई भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवायच्या आणि आम्ही सगळ्या पोरी एका सुरात ओरडायचो, "सर्वांत मोठा खंड!" तेवढ्यावर मार्क मिळायचे. पुढं सातवीनंतर वडलांनी मला शाळेतून काढून मेंढरांमागं लावलं, आणि आशिया तिथंच भिंतीवर राहिला. म्हणून लेकीनं शिकावं, असं मला नुसतं वाटत नव्हतं, माझा तो हट्ट होता. जिथं पाठवायची तिथं पाठवा, पण डॉक्टर करा, असं मी घरात भांडून भांडून सगळ्यांच्या गळी उतरवलं.

तिथं वसतिगृहात जागा नव्हती. एका म्हातारीनं आपल्या घरातली एक खोली दिली. नवरा वारलेला, पोरं कामाला मॉस्कोत. तिला तिकडं सगळे आपा म्हणतात. आमच्या गल्लीतही पिठाच्या गिरणीवाल्या आपा आहेतच, त्यामुळं मला ते नाव परकं वाटलं नाही. बाकी सगळं परकं होतं.

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. मग थंडी पडली. आपल्याकडची थंडी नाही, बर्फ. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की मला तिचं तोंड दिसायचंच नाही, खोलीचं छत दिसायचं. फोन अंथरुणावर टाकून ती नुसती पडलेली असायची. जेवलीस का, तर "भूक न्हाई." कॉलेजला गेलतीस का, तर "न्हाई." आणि मग एक दिवस, "मम्मी, मला न्हाई जमत. मी परत येते."

तिचे पप्पा मऊ माणूस. ते म्हणाले, "येऊ दे. जीवापेक्षा जास्ती काय हाय?" त्यात खोटं काहीच नव्हतं. पण थोरल्या दिरांना तेवढंच हवं होतं. कडा गावचं एक स्थळ त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. "पोरगी आली की बोलणी उरकून टाकू. झाली तेवढी डॉक्टरकी बास झाली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भांडी आपटली, दोन दिवस दिरांना चहा दिला नाही. पण आतून मी पार खचले होते. एकदा परत आली असती तर ती पुन्हा गेली नसती, हे मला पक्कं कळत होतं. आणि तिथंच थांब म्हणावं, तर तिचं ते सुकलेलं तोंड बघवत नव्हतं. तिचे पप्पा दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन तिकीट काढून आणणार होते.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमची एक पहिलारू मेंढी व्यायली. कोकरू चांगलं धडधाकट, पण मेंढी त्याला जवळ येऊ देईना. ते कासेला लागलं की ढुशी मारायची. मी मेंढरांच्या वाडग्यात, कुडाच्या आडोशाला बसून कोकराच्या पाठीवर मीठ चोळत होते, म्हणजे मेंढी मीठ चाटायला येते आणि चाटता चाटता त्याला ओळखते. आमची तीच पद्धत. तेवढ्यात लेकीचा कॉल आला. मी फोन कुडाला टेकवून ठेवला आणि एकीकडं तिला समजावत, एकीकडं मेंढीला शिव्या देत होते. पडद्यावर तेच छत. कोकरू इकडं गळा काढून ओरडत होतं.

अचानक छत हललं. फोन कुणीतरी उचलला, आणि पडद्यावर एक गोल, लाल गालांचं म्हातारं तोंड आलं. डोक्याला रुमाल, तोंडात सोन्याचे दात. आपा! तिनं कोकराचं ओरडणं ऐकलं होतं आणि सरळ लेकीच्या खोलीत घुसली होती. ती मोठमोठ्यानं काहीतरी विचारायला लागली. मला अक्षर कळेना. मी ओरडले, "अगं काय म्हणती ही?"

लेकीला नाइलाजानं उठून बसावं लागलं. तिला तिकडची भाषा मोडकीतोडकी यायला लागली होती. ती म्हणाली, "मम्मी, ती विचारतीय, तुमच्या मेंढरांच्या शेपट्या कुणी कापल्या?"

मी म्हणले, "कुणी कशाला कापंल? अशाच असत्यात!"

तिकडच्या मेंढरांना म्हणे मागं चरबीचा एवढा मोठा गोळा असतो. आपाला आमची मेंढरं बघून आमची कीवच आली. मग तिनं मिठाकडं बोट दाखवलं आणि मान झाडली. मीठ नको म्हणाली. माझं डोकं फिरलं. "तिला सांग, मी जन्मल्यापासून मेंढरं राखतेय!" लेकीनं ते सांगितलं. आपानं त्यावर लांबलचक उत्तर दिलं. लेक म्हणाली, "ती म्हणती, ती पण जन्मल्यापासूनच. डोंगरावर. उन्हाळाभर तंबूत." मी म्हणले, "मग तिच्या मेंढराला मीठ का चालत न्हाई?" असं आमचं दोघींचं चांगलंच जुंपलं, आणि मध्ये लेक बिचारी इकडून तिकडं, तिकडून इकडं. महिनाभर जिच्या तोंडातून धड वाक्य निघत नव्हतं, तिला श्वास घ्यायला सवड नव्हती.

शेवटी आपानं मला हातानंच गप्प बसवलं. फोन तोंडाजवळ घेतला आणि गायला लागली. गाणं म्हणजे शब्द असे नव्हतेच. एकच सूर, खालून वर, पुन्हा खाली, तोच तोच. लेक हळूच म्हणाली, "मम्मी, तिच्याकडं बायका असंच करतात. मेंढी पिल्लू घेईना की गातात. कधी कधी तासभर." मी फोन उचलून मेंढीच्या कानाशी नेला. आता हसा बापडे! पालीच्या वाडग्यात मी मेंढीच्या कानाला मोबाईल लावून बसलेली, आणि दुरून थोरले दीर तोंड उघडं टाकून बघत उभे.

मेंढीचे कान हलले. पाय आपटायचे थांबले. मी मिठाचं कोकरू पुढं सरकवलं. माझी पद्धत मी सोडली नव्हती, उगाच कशाला सोडायची? ती गात राहिली, मी कोकराला सडाला लावत राहिले. बऱ्याच वेळानं मेंढीनं मान वळवून कोकराला हुंगलं, एकदा चाटलं, आणि न हलता उभी राहिली. कोकरू प्यायला लागलं. त्याची शेपटी जी वळवळायला लागली, ती बघून आपा पडद्यावर टाळ्या पिटत होती आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मिठानं जमलं का गाण्यानं, यावर आमचं आजही एकमत नाही.

लेकीचं तोंड पडद्यावर आलं. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले, पण ती हसत होती. म्हणाली, "मी उद्या सकाळी फोन लावते. पाजती का न्हाई ते बघायचंय."

मी वाडग्यातूनच ओरडले, "अहो! उद्या बीडला जायचं न्हाई!"

"कावून?" घरातून आवाज आला.

"कारण पोरगी उद्या कोकरू बघणार हाय!"

दुसऱ्या दिवशी तिनं कोकरू बघितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आपा तिला हाताला धरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून आली. ती रोज तशी जात राहिली, आणि तिकिटाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. थोरल्या दिरांनी एकदा काढू बघितला, तर मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं.

मग आपाचा आणि माझा एक नेमच झाला. रविवारी ती लेकीला घेऊन बाजाराला जाते आणि फोनवरून मलाही नेते. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढं. एवढं दूर म्हणून मी रडत होते आणि फरक निघाला अर्ध्या तासाचा! त्या एका बाजारात मला उभा आशिया भेटला. तंदूरमधून गोल रोट काढणारे उझबेक. जर्दाळू, मनुकांचे ढीग लावून बसलेले ताजिक. चीनकडून कधीकाळी आलेले मुसलमान, ते हातानं पीठ ओढून ओढून दोऱ्यासारख्या शेवया करतात, बघत राहावं. तिखटातल्या गाजराची कोशिंबीर विकणाऱ्या कोरियन बायका. त्यांच्या आज्या-पणज्यांना म्हणे कुण्या सरकारनं बळजबरीनं गाडीत घालून एवढ्या लांब आणून सोडलं होतं. तिथं त्यांना त्यांच्या भाज्या मिळेनात, म्हणून गाजरावर भागवलं. ते ऐकून मला गलबलून आलं. मी म्हणले, "त्या बाईकडून जास्तीची घे गं."

बाजाराला ते बाजारच म्हणतात, चहाला चाय, भाकरीला नान. निजामाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला यात काय अवघड? चेहरे निराळे, देव निराळे, ताटातलं निराळं. पण पाहुणा आला की आधी चहा, आणि भाकरी पायाखाली येऊ द्यायची नाही, हे सगळीकडं सारखंच. कोण घोड्यावरून आलं, कोण बैलगाडीतून, कोण मेंढरांमागं चालत. आमचेही लोक चालतच आले. आपाच्या घरात लोकरीचा जाड गालिचा आहे. तिनं कॅमेऱ्यासमोर तो उलटापालटा करून दाखवला, आणि मी माझी घोंगडी दाखवली. तिनं बोटानं पडद्यावरच घोंगडीची वीण चाचपून पाहिली. एवढा मोठा खंड, आणि आम्ही दोघी त्यात लोकर बघत बसलेल्या. मला त्या दिवशी लई श्रीमंत झाल्यासारखं वाटलं, आणि त्या बाईचे उपकार कसे फेडू ते कळेना.

लेक आता चौथ्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला, दवाखान्यातून. आपा घरात चक्कर येऊन पडली होती. लेकीनं नाडी बघितली, गाडी बोलावली, तिला घेऊन गेली, सगळी धावपळ एकटीनं केली. वेळेत आणली म्हणून वाचली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी देवाला हात जोडले. त्या बाईसाठी मी इतकी घाबरेन, असं मलाही वाटलं नव्हतं.

मग लेक म्हणाली, "मम्मी, दवाखान्यात त्यांनी विचारलं, तू पेशंटची कोण? मी म्हणलं, लेक."

लगेच तिनंच विचारलं,

"तुला राग तर न्हाई ना आला?"

खोटं कशाला लिहू? आत कुठंतरी चटका बसला. नऊ महिने मी वाहिलं, भांडून मी शिकवलं, आणि पोरगी परक्या देशात दुसरीची लेक म्हणून नाव सांगते. क्षणभर जिभेवर आलंच होतं काहीतरी. मग मागं एक क्षीण आवाज ऐकू आला. आपा शुद्धीवर येऊन तिला हाक मारत होती.

"राग कशाचा आलाय?" मी म्हणले. "माझं काय, मी हाय इथं धडधाकट. आई हाक मारतीय ना, जा आधी तिच्याजवळ." आणि फोन मीच ठेवला.