सुचत नाही, तरी लिहिते

माझी आत्या अल्टरेशनची कामं करते. लोक जाड होतात, बारीक होतात आणि दोन्हीचा दोष कपड्याला देतात. त्यामुळे दिवसभर तिचं दुसऱ्यांची शिवण उसवणं चाललेलं असतं. पन्नाशी उलटल्यावर तिने वाचनालयातल्या लेखनवर्गात नाव घातलं. हिला भलतंच खूळ लागलंय, असं काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ओळखीच्या सगळ्यांना सांगून टाकलं.

वर्गातल्या बाईंचा नियम साधा होता. रोज सकाळी घड्याळ लावून लिहायचं. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, आणि काहीच सुचलं नाही तर 'सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. आत्याला सुरुवातीला ते जमेना. वाकडं वाक्य दिसलं की तिचा हात उसवायला धावायचा. मग तिने चष्माच काढून ठेवला. दिसलंच नाही तर उसवणार काय? तेवढ्या वेळात काकांचा चहा लांबायचा, ते भांडी आपटायचे आणि ही खुशाल लिहीत राहायची. मला काकांचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

वर्ष संपताना वर्गाचं जाहीर वाचन ठरलं. प्रत्येकाने आपलं एक पान जसंच्या तसं वाचायचं होतं. आत्याने आपलं पान आधी काकांना दाखवलं. अर्धं पान 'सुचत नाही'नेच भरलेलं. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणत त्यांनी स्वतः बसून त्याचं सुबक पान केलं. त्यात कोवळी उन्हं होती, पाखरं होती, आत्या तेवढी नव्हती. हे वाचणार नसशील तर मी येणार नाही, असंही बजावलं.

"या किंवा राहा," आत्या म्हणाली. "मी माझंच वाचणार."

आले मुकाट्याने. आत्याने चष्मा चढवला आणि सुरू केलं. सुचत नाही, सुचत नाही, सुचत नाही. मागे कुणीतरी खिदळलं, मग सगळेच हसायला लागले. काकांनी मान खाली घातली. आत्याचा आवाज तसूभरही खाली आला नाही, आणि तिने एकही 'सुचत नाही' गाळलं नाही. शेवटी हसणारे दमले. तेव्हा पुढचं वाक्य आलं.

"सुचत नाही, कारण तुला काय वाटतं, असं या घरात मला कुणी कधी विचारलंच नाही."

बाहेर पडताना काका धुमसत होते. घरातलं असं चव्हाट्यावर कशाला मांडायचं, म्हणाले.

"घरात तुम्हालाच आधी वाचायला दिलं होतं," आत्या म्हणाली. "तुमच्या पानात ते वाक्य कुठे होतं?"