ठसेबाई आणि गवंडीबाबा

लग्नानंतर नवऱ्याने मोठ्या हौसेने सिनेमाला नेलं, तर मध्यंतराच्या उजेडात बाईंनी त्याचा अंगठा उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "अय्या, चक्र!" अशा आमच्या ठसेबाई. पोलिसांच्या ठसे विभागात जन्म गेला. चोराची बोटं शाईत फिरवतानासुद्धा त्याला अहोजाहो करायच्या आणि त्याने हात ताठ धरला की दटावायच्या, सैल सोडा हो, मी काय बोटं खाते तुमची?

एकदा त्यांना सरकारी दवाखान्यातून बोलावणं आलं. बसस्थानकावर एक म्हातारबुवा सापडले होते. स्वतःचं नावही आठवत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत घरचं कुणी मिळालं नाही, तर त्यांची रवानगी लांबच्या निराधारगृहात होणार होती. तिथे गेलेल्या माणसाची पुन्हा कोण चौकशी करतंय!

बाईंनी ठसे घेतले, तर कागदावर नुसते काळे डाग. म्हातारबुवा दिवसभर भिंतीवरून तळवा फिरवून गिलावा तपासायचे, म्हणजे गवंडी असणार हे उघडच होतं. सिमेंट-चुन्याने बोटं पार गुळगुळीत केली होती. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, रेषा मेल्या नाहीत, झिजल्यात. हाताला आराम मिळाला की वर येतील.

आता आराम म्हटल्यावर गवंडीबाबा ऐकतात थोडेच! पाठ वळली की जेवणाच्या चमच्याने भिंतीचा उंचवटा खरवडायला हजर. मग ड्यूटी सुटली की बाई रोज तिथे. त्यांच्या हाताला मलम चोळायच्या, सुती हातमोजे चढवायच्या आणि जन्मदात्या बापाला रागवावं तसं रागवायच्या. फार जीव जडला होता त्यांचा. घरी नवरा कुरकुरला, "माझ्या हाताला कधी तेलाचं बोट लावलं नाहीस."

"तुम्ही हरवा आधी," बाई म्हणाल्या.

महिना सरत आला आणि रेषा उमटल्या. बाईंनी जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि ठसे जुळले, पण ते गुन्हेगारांच्या नोंदीत. तरुणपणी बाबांनी कुठल्याशा बांधकामावरून तांब्याची तार चोरली होती, शिक्षाही भोगली होती. त्या नोंदीवरून नाव मिळालं, नावावरून गाव आणि गावावरून लेक.

लेक धावत आली, बापाला बिलगली, पोटभर रडली. मग डोळे पुसत तिने नेमकं तेच विचारलं ज्याची बाईंना धास्ती होती. बाबांचे ठसे पोलिसांकडे कसे? काहीतरी थाप मारून वेळ निभावता आली असती, पण त्यांना ते कधी जमलंच नाही. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

पोरीने बापाकडे पाहिलं. बाबा आपले तिच्या ओढणीचा काठ चाचपत बसले होते. मग तिने त्यांच्या हातावरचा हातमोजा काढला आणि तो तळवा आपल्या गालाला लावला.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली, "तेव्हा पकडले गेलात ते."