गुरांच्या माळावरचा गोल्फ

पोलादपूरजवळच्या कापडे गावचा हैबती उतेकर कुणावर सहजासहजी भरवसा ठेवणारा नव्हता. धार काढताना म्हैस जरा जास्त शेपूट हलवायला लागली तरी म्हणे, "हिच्या मनात कायतरी हाय." देवळात घंटा वाजली तरी तो आधी वाजवणारा कोण ते बघी आणि मग हात जोडी. पण हा स्वभाव त्याचा मूळचा नव्हता. तो मुंबईहून सोबत आला होता.

विशीच्या आत हैबती मुंबईला गेला. गावची बाकीची माणसं गिरणीत, गोदीत चिकटली. हैबतीला काम मिळालं गोल्फच्या मैदानावर. साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवून त्याच्यामागं चालायचं, मारलेला बॉल कुठं पडला ते नजरेत धरायचं, आणि साहेबानं नुसता हात मागं केला की नेमकी हवी ती काठी त्यात द्यायची. या कामाला कॅडी म्हणत. चौदा वर्षं त्यानं हे काम केलं. बॉल दोनशे पावलांवर गवतात गडप झाला तरी हैबती सरळ जाऊन त्याच्यावर बोट ठेवी. बिरवाडीकडचा महिपती सकपाळ आणि पोलादपूरचा सयाजी हे त्याचे दोघे सोबती. तिघं एकाच खोलीत राहत, एकाच तव्यावरची भाकरी खात.

सोमवारी मैदान बंद असे. त्यात पाऊस असला की तिकडं चिटपाखरू नसायचं. मग हे तिघं टाकून दिलेल्या, वाकलेल्या काठ्या घेऊन मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आपला डाव मांडायचे. चौपन्न सालच्या आषाढात अशाच एका सोमवारी हैबतीची बुद्धी फिरली आणि त्यानं एका साहेबाची कोरी करकरीत काठी उचलली. त्या काठीनं मारलेला बॉल तळ्यावरून असा गेला की तिघंही पावसात तोंडं उघडी टाकून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावून त्याचा पितळी बिल्ला काढून घेतला. काम संपलं. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्याला एवढंच कळलं की आपलं नाव कुणीतरी सांगितलं. आणि थोड्याच वेळापूर्वी त्याच पायऱ्यांवरून खाली मान घालून उतरणारा महिपती त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

हैबतीनं काही विचारलं नाही. वळकटी बांधली आणि गावी आला. भात लावला, नाचणी पेरली, लग्न केलं. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक किडा बसला, तो आठ वर्षं कुरतडत राहिला.

आणि बासष्ट सालच्या भाद्रपदात महिपतीचं कार्ड आलं. 'गौरी गेल्या की मी आणि सयाजी तुझ्याकडे येतो. तुझ्याकडे काम आहे. घरी राहा.'

हैबतीनं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, कंदिलाशी धरलं.

"काम म्हंजे काय वो?" त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं विचारलं.

"तेच तर लिवलं नाय ना. ज्याच्या मनात काळंबेरं नसंल तो काम लिवंल."

"पोरीला स्थळ आनत असतील."

"पोर सहा वर्सांची हाय गो आपली!"

"मंग येऊ द्या की. आल्यावं कळंल."

पण आल्यावर कळलं नाही. एका सकाळी पोलादपूरहून येणारी एस.टी. फाट्यावर थांबली आणि पावसाच्या सपकाऱ्यात दोघं उतरले. सयाजी तसाच होता, फक्त पोट सुटलेलं. महिपती वाळला होता. त्याच्या बगलेत मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. तो हैबतीच्या अगदी जवळ आला, त्याच्या तोंडाकडं नको इतका वेळ बघत राहिला आणि मग हसला. हैबतीला ते बघणं आवडलं नाही. देणंघेणं नसताना माणूस असा रोखून बघत नसतो.

ओटीवर प्रयागबाईनं तवशाची काकडी कापून ठेवली, गुळाचा चहा आणला. हैबतीनं खडा टाकला, "काम हाय म्हनाला हुतास."

"हाय," महिपती म्हणाला. "सांगतो. पयलं खेळू."

त्यानं मेणकापड सोडलं. आत गोल्फच्या चार जुन्या काठ्या होत्या. कुणा साहेबानं टाकलेल्या, पण मुठी नव्यानं बांधलेल्या. एका पिशवीत सात बॉल.

"पावसात?" हैबती म्हणाला.

"आपन कवा उन्हात खेळलोय रे?" सयाजीनं विचारलं.

गावाच्या वरचा गुरांचा माळ गुरं चरून चरून असा गुळगुळीत झाला होता की मुंबईच्या साहेबाला हेवा वाटावा. हैबतीनं पहार घेतली. तिघांनी मिळून लांब लांब सहा बिळं पाडली, प्रत्येकाशेजारी बांबूची काठी रोवली आणि तिला प्रयागबाईच्या फाटक्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. कमी फटक्यांत बॉल बिळात घालील तो जिंकला, एवढाच नियम.

चिंध्या दिसल्या तसा खालच्या आळीतला मालोजी इरलं डोक्यावर घेऊन माळावर हजर झाला. गावच्या चावडीवर त्याचा शब्द चाले.

"हैबती, ही कसली मोजनी चाललीय?"

"मोजनी नाय तात्या. खेळ हाय."

"पन्नाशीला टेकलेली मानसं भर पावसात खेळत्यात? तिकडं धरनाचं मोजमाप असंच झालं. आधी लाल निशानं, मंग गाव सोडायची नोटीस." मालोजी एका दगडावर बसला. "मी हितंच बसतो. बघू काय खेळता ते."

पन्नाशीला त्यांच्यातलं कुणीच टेकलं नव्हतं, पण हैबतीनं वाद घातला नाही. आज तो दुसऱ्याच कुणावर नजर ठेवून होता.

पहिला फटका यजमानाचा. आठ वर्षांनी काठी हातात आली. पाऊस मनगटावरून कोपरात उतरत होता, पाय चिखलात रुतत होते. बोटांना मात्र सगळं आठवत होतं. त्यानं काठी मागं नेली आणि सोडली. टक् असा कोरडा आवाज भर पावसात उठला. बॉल आंबेनळी घाटाच्या बाजूच्या ढगात शिरला आणि बऱ्याच वेळानं निशाणाच्या अलीकडं टप्पा घेताना दिसला.

"आयला, हैबत्या!" सयाजी ओरडला. मालोजीसुद्धा दगडावरून अर्धा उठला.

हैबतीच्या तोंडावर हसू आलं. पण त्यानं ते लगेच मिटवून टाकलं. कारण महिपती बॉलकडं बघतच नव्हता. तो सयाजीच्या तोंडाकडं बघत होता.

खेळ पुढं सरकला तसा हैबतीचा संशय बळावत गेला. महिपती फटका चांगला मारी, हात जुनेच होते. पण मारून झालं की तो सयाजी कुठं चालतोय ते बघून त्याच्यामागं चाले. दुसऱ्या बिळापाशी सयाजी त्याच्या कानात काहीतरी कुजबुजला. हैबती जवळ येताच गप्प झाला. तिसऱ्या बिळाला महिपतीचा बॉल करवंदीच्या जाळीकडं गेला. महिपती तिथं उभा राहून पायानं गवत चाचपत होता. उजवा पाय सरकला, डावा सरकला. सयाजी दोनदा खाकरला. महिपती उजवीकडं वळला आणि म्हणाला, "गावला!"

पायानं बॉल सरकवतोय, हैबतीनं मनात नोंद केली. आणि हा खोकून इशारे देतोय. दोघं मिळून मला बनवायला आल्यात. तेव्हाही दोघं असतील. आठ वर्षं मी एकट्या महिपतीला शिव्या घातल्या आणि हा सयाजी आपला नामानिराळा!

"आज लय खोकतोयस सयाजी," तो म्हणाला.

"पावसानं रे."

"पाऊस आमाला बी लागतोय."

महिपतीनं काठी उगाचच धोतराला पुसली.

चौथं बीळ माळाच्या उतारावर होतं. तिथं गवतातून अळंबी वर आली होती, पांढरीशुभ्र, गोल, मुठीत मावतील अशी. महिपतीचा बॉल त्यांच्याच आसपास थांबला होता. या वेळी हैबती मुद्दाम सयाजीच्या आडवा उभा राहिला. बघू आता कसा इशारा देतो ते.

महिपती आला. खाली वाकून बघितलं. पाय नीट रोवले, खांदे सैल सोडले, काठी सुरेख मागं नेली आणि मारली. फस्स करून एक अळंबं फुटलं आणि त्याचा पांढरा चुरा त्याच्या तोंडावर उडाला. बॉल हातभर अंतरावर जिथल्या तिथं होता.

मालोजी खो खो हसला. हैबतीही हसला. हसता हसता त्यानं सयाजीकडं पाहिलं, तर सयाजी हसत नव्हता. महिपती तसाच उभा राहून वर बघत होता. बॉल हवेत कुठं गेला ते शोधत होता.

हैबती हसायचा थांबला. चौदा वर्षं ज्यानं लोकांचे बॉल नजरेत धरले त्याला बॉल गेला आणि न गेला यातला फरक कळायला वेळ लागत नाही.

"महिपती," तो जवळ जाऊन म्हणाला, "तुला दिसत नाय?"

"जवळचं तेवढं अंधुक दिसतंय," महिपती म्हणाला. "त्याच्याफुडं नुसता धूर. डाक्टर म्हनतो जानार. या दिवाळीला मैदान सोडतोय. सयाजी सावरून घेतो म्हनून इतकं दिस निभलं."

पाऊस जरा वाढला. तिघं निशाणाशेजारी भिजत उभे राहिले.

"आनि काम?" हैबतीनं विचारलं. आवाज त्याला वाटला त्याहून कडक निघाला.

"तेच सांगाया आलोय. तवा तुझं नाव मी सांगितलं."

हैबतीनं हा शब्द ऐकण्याची आठ वर्षं तयारी केली होती. काय काय बोलायचं, कुठली शिवी आधी, सगळं ठरलेलं. आता एकही आठवेना.

"सेक्रेटरी सायबानं इचारलं, मैदानावं कोन कोन हुतं. मी म्हनलं हैबती, सयाजी आनि मी. तिघांची नावं सांगितली. मला वाटलं तिघांना काढतील. आमाला ठेवलं, तुला काढलं. मंग तुझ्याफुडं यायची हिंमत झाली नाय." महिपतीनं तोंडावरचा चुरा पुसला. "डोळं गेल्यावं सांगितलं असतं तर तुझं तोंड दिसलं नसतं. म्हनून म्हनलं, आत्ताच जाऊ."

हैबती सयाजीकडं वळला. मग म्हणाला, "सयाजी, तुला ठावं हुतं?"

"हुतं," सयाजी खाली बघत म्हणाला.

"नाव पयलं कुनाचं घेतलंस?"

महिपती थबकला. खोटं बोलायला तेवढी जागा होती, हे तिघांनाही समजलं.

"तुझं."

"का?"

"ठावं नाय रे. तोंडात आलं. काठी तू उचललीवतीस."

हे उत्तर खरं होतं की अर्धं खरं, याचा हैबती पुढं कितीतरी दिवस विचार करत राहिला. त्या घटकेला त्यानं एवढंच केलं: महिपतीच्या दंडाला धरून त्याला हातभर बाजूला सरकवलं, काठीचं टोक खऱ्या बॉलमागं टेकवलं आणि म्हणाला, "हा बॉल. निशान सरळ फुडं, वाईच डावीकडं. सत्तर पावलं. हलक्या हातानं मार."

महिपतीनं मारला.

"कुठं गेला?"

"पोचला. चार हातावं हाय."

उरलेली दोन बिळं त्यांनी अशीच पुरी केली. पाऊस इतका धो धो लागला की शेवटच्या बिळात पाणीच भरलं आणि सयाजीचा बॉल आत पडायच्या ऐवजी काठावरून ओहोळाबरोबर गडगडत गेला. त्यावरून सयाजी आणि हैबती जे भांडले ते थेट खोलीतल्या दिवसांसारखं. आई-बापाचा उद्धार झाला, कुणी कुणाचं ऐकेना, आणि मध्येच महिपती चिखलात बसून पोट धरून हसायला लागला. हैबतीच्या अंगावर एक कोरडा धागा नव्हता. इतकं बरं त्याला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

कोण जिंकलं ते ठरलंच नाही. मालोजीनं तेवढं बजावलं की निशाणं आजच्या आज उपटा. हा खेळ होता हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

घरी आल्यावर प्रयागबाईनं चुलीपुढं जागा केली, गरम भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय वो, कळलं का काम?"

"कळलं."

"मंग? मानसं बरी हायत ना?"

हैबतीनं आत नजर टाकली. महिपती ताटात हात फिरवून भात शोधत होता. "अजून काय सांगता येत नाय," तो म्हणाला. "त्याला वाईच कालवन वाढ आनि हात धरून दाव कुठं वाढलंस ते."

पुढं महिपती बिरवाडीकडं घरी येऊन राहिला. दोन वर्षांत त्याची दृष्टी पार गेली. गौरी गेल्या की हैबती एस.टी.नं जाऊन त्याला घेऊन येई, सयाजी मुंबईहून येई, आणि गुरांच्या माळावर डाव मांडला जाई. हैबती महिपतीचे पाय रोवून देई, काठी बॉलला लावून देई, निशाण सांगे. फटका मारला की महिपती कान टवकारून उभा राही.

"कुठंशी?"

"दीडशे पावलं. निशानाच्या नाकाफुडं."

"खरं सांग, हैबत्या."

"खरंच सांगतो की."

"सयाजी, ह्यो खरं बोलतोय काय रे?"

आणि सयाजी काहीही म्हणाला तरी महिपती होकाराची मान डोलवी. मग हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल मोठ्यानं मोजत, तो भर पावसात बॉलपर्यंत चालत जाई.