तोडणीआधी बंद केलेली गोळी

आमचे सोमनाथराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मनीषाचे मालक. निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. माणूस सरळ, कष्टाळू, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. मी नाशिक रोडला राहते. नात्याने मोठी, म्हणून त्यांना तोंडावर बोलते. बाकी कोणाची बिशाद नाही.

त्यांची सायली आता दहावीला. दोनेक वर्षांपूर्वी तिने हात धुवायला सुरुवात केली. सुरुवात म्हणते, कारण त्याला शेवटच नव्हता. पप्पा फवारणी करून आले की त्यांनी हात लावलेली कडी, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं तिला विषारी. मग दप्तर, मग ताटातली पोळीसुद्धा. बोटांची सालं निघाली तरी पोरगी धुतेच आहे. सारखं आपलं, "मम्मी, मला काही होणार नाही ना?" मनीषा म्हणायची, नाही गं बाई. की परत तेच. आजीने दृष्ट काढली, शेजारच्यांनी बाहेरचं असेल म्हणून सांगितलं. शेवटी मीच सगळ्यांना ओढून नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. पोर नाटक करत नाही, म्हणाल्या. गोळी चालू करू, जोडीला दर आठवड्याला इथे येऊन हात न धुता राहायचा सराव. बरं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. सोमनाथराव गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचत बसले. मनीषा रडायला लागली, एवढ्याशा पोरीला डोक्याची गोळी कशी द्यायची म्हणून. दोघांनी हो म्हटलं खरं, पण नाईलाज म्हणून.

गोळी लागू पडली. हळूहळू, पण पडली. पोर चारचौघांसारखी जेवायला लागली. द्राक्षं निघाली तेव्हा बागेतून आलेल्या बापाच्या हातून तिने मणी घेतला आणि न धुता खाल्ला. सोमनाथरावांनी मला फोन लावला आणि नुसते रडत होते. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

आणि मग या शहाण्या माणसाने अक्कल चालवली.

द्राक्षवाल्यांचं एक असतं. माल परदेशात जाणार असेल तर तोडणीच्या बरेच दिवस आधी फवारणी बंद करायची. औषधाचा अंश मण्यात सापडला तर सगळा माल नापास. कुठलं औषध किती दिवसांत उतरतं, हे सोमनाथरावांना तोंडपाठ. तोच हिशोब त्यांनी पोटच्या पोरीला लावला. उद्या हिचं लग्न होईल, लेकरं होतील, तोवर अंगात काही राहायला नको. आता बरी आहे तर आत्ताच बंद करू. मनीषाने मान डोलावली, तिच्या मनात तेच होतं. मॅडमना विचारलं नाही, मला तर नाहीच नाही.

वर लेकीला जवळ बसवून प्रेमाने समजावलं, फवारणी थांबवली की द्राक्षातलं औषध जसं उतरतं, तसा तुझ्या अंगात राहिलेला गोळीचा अंश बी उतरून जाईल.

श्रावणापर्यंत सगळं परत आलं, आधीपेक्षा वाईट. पोरीचं शाळेत जाणं थांबलं. मी निफाडला गेले. टीव्ही चालू, बघत कोणी नाही. मनीषा घासलेलीच भांडी घासत होती. मी चांगली शिव्या घालायच्या तयारीने गेले होते, पण त्या दोघांची तोंडं बघून शिव्या विसरले. एवढंच विचारलं, "सोमनाथराव, ती काय बाग आहे का?" ते नाय म्हणाले.

परत सगळे नाशिकला गेलो. मॅडम रागावल्या नाहीत. गोळी परत चालू करा म्हणाल्या. आणि पोर सारखं विचारेल तेव्हा खात्री देत बसू नका. दिलीत की आजार आणखी मागतो. माहीत नाही, एवढंच म्हणायचं.

त्या दिवशी घरी पोचल्यावर मनीषाने गोळी आणि पाणी पुढे ठेवलं. सायलीने हात लावला नाही. बापाकडे बघत राहिली.

"पप्पा, तुम्हीच म्हणाला होता, अंश राहतो. ही घेतली तर माझ्यात राहील ना?"

आजवर त्या पोरीला जगातल्या सगळ्याची भीती होती, फक्त गोळीची नव्हती. ती भीती बापाने स्वतःच्या तोंडाने तिच्या मनात घातली होती. सोमनाथरावांचे ओठ हलले. नाही बाळा, काही राहत नाही, हेच त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. कुठला बाप असं म्हणणार नाही?

"माहीत नाय," ते म्हणाले.

"पण राहील का?"

"माहीत नाय, बाळा. तरी घे."

ती विचारत राहिली. ते त्याच आवाजात तेच सांगत राहिले. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. मनीषा भिंतीला टेकून बसली होती, तिचे तर डोळेही हलत नव्हते. वाढलेली ताटं गार झाली. शेवटी सायलीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि धावत मोरीत गेली. नळाचा आवाज सुरू झाला.

"उद्या परत विचारेल," मनीषा म्हणाली.

"विचारू दे," ते म्हणाले.