मिठाच्या दगडावरची मेंढी

मल्हारी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होते. भर दुपार, उन्हानं गच्ची अशी तापलेली की चपलेतूनही चटका बसावा. फोन सरांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा होता. त्या रडत नव्हत्या. "ताई, सर गेले," एवढंच म्हणाल्या आणि जरा थांबून, "चौकातच..." कोणता चौक, हे मला विचारावं लागलं नाही. शहराबाहेर बायपासला सरांनी टाकाऊ प्लॅस्टिकची भलीमोठी मेंढी उभी केली होती. तिच्याच सावलीला ते बसल्या बसल्या गेले. समोरच्या रसवंतीवाल्याला वाटलं, सर पेंगलेत. त्यानं हाक मारली, मग रस घेऊन गेला, तेव्हा त्याला कळलं. कुरडयांची पाटी तशीच उन्हात ठेवून मी जिना उतरले. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता तिथं कोण बसणार?

छावणीतल्या एका शाळेत आम्ही दोघांनी उभी हयात काढली. ते चित्रकलेचे सर, मी भूगोल शिकवायचे. शाळेत चित्रकलेच्या मास्तराला कोण विचारतो? परीक्षा जवळ आली की त्यांचा तास हटकून गणिताच्या सरांच्या घशात जायचा. सरांनी कधी तक्रार केली नाही. त्या रिकाम्या वेळात ते मैदानाच्या कडेला बसून दुधाच्या पिशव्या कापायचे, त्यांच्या पट्ट्या करायचे आणि पट्ट्यांचे दोर वळायचे. खुलताबादच्या डोंगराखालचं त्यांचं गाव, घराणं मेंढपाळांचं. वडील लोकरीचे दोर वळायचे आणि एक विशिष्ट गाठ मारायचे. ओढली की आवळते आणि भिजली तरी सुटत नाही अशी. ती गाठ वडिलांनी दोन्ही मुलांना शिकवली होती. थोरला मल्हारी शिकून मास्तर झाला, धाकटा बिरू मेंढरांमागं राहिला. सर त्याच गाठीनं पिशव्यांचे मासे करायचे, बगळे करायचे आणि शाळेच्या लिंबाला टांगायचे. "सर, तुम्ही भंगारवाल्यांच्या पोटावर पाय देताय," असं मी चिडवायचे. ते आवाज न करता हसायचे, नुसते खांदे हलायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, आमच्या माळावरच्या बाभळी बघायला या. फुलं कमी आन् पिशव्या जास्त." मी गेले. वारा सुटला की ते सगळं रान फडफडायचं. दुसरा कसलाच आवाज नव्हता, पाखराचासुद्धा नाही. बिरूभाऊंचा कळप त्या बाभळींखालून चालला होता आणि मला उगाच तिथून लवकर निघावंसं वाटलं.

मग ती दुष्काळाची वर्षं आली, एकाला लागून एक. नळाला कधी पाणी येईल त्याचा नेम नसायचा, टँकर आला की गल्लीत भांडणं जुंपायची. आणि त्याच वर्षांत शहर असं वाढलं की विचारू नका. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, पण सिमेंट कालवायला कुठून तरी मिळत होतं. ज्या गायरानातून बिरूभाऊंचा कळप वर्षानुवर्षं ये-जा करायचा तिथं प्लॉट पडले, कंपाउंडच्या भिंती उठल्या. सरतेशेवटी कळपाला जायला एकच वाट उरली, बायपासच्या कडेची. त्या रस्त्याच्या चौकात काहीतरी पर्यावरणाचा संदेश देणारं शिल्प असावं, असं चौकांच्या सुशोभीकरणासाठी जमलेल्या एका समितीच्या मनात आलं. सरांचे मासे कुणीतरी पाहिले होते. त्यांनी सरांना बोलावलं, आणि जागा निवडायचीही मोकळीक दिली.

सरांनी जागा निवडली ती वडिलांसाठी. चौकाच्या एका अंगाला एक सपाट काळा दगड होता. वडील कळप घेऊन जाताना त्या दगडावर मीठ टाकायचे. मेंढरांना मीठ लागतं, आणि मेंढपाळ ते कुठंही टाकत नाहीत. ठरलेल्या वाटेवर ठरलेला दगड असतो. कळपाला तो पाठ असतो. पुढची मेंढरं मागच्यांना घेऊन जातात, आया कोकरांना. वडील गेल्यावर बिरूभाऊ तिथंच मीठ टाकत आले होते. "बाबाची मेंढी उभी करतो," सर म्हणाले. मास्तरकीत वाकलेला तो माणूस त्या दिवसांत ताठ चालायचा. रविवारचा बाजार उठला की हा पोतं घेऊन हजर. फरसाणची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, लोणच्याच्या पुड्या, चिवड्याच्या, वेफर्सच्या... लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर त्यांनी पट्टी पट्टी करून लोकर चढवली. प्रत्येक पट्टीला ती गाठ. दुरून पाहिलं तर खरी मेंढी वाटावी, फक्त हत्तीएवढी. जवळ गेलं की मात्र वास यायचा, खारट, आंबूस. "सर, हे धुवून तरी घ्यायचं," मी म्हणाले. "कशानं धुवू, मॅडम? बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायल्यात आन् मी कचरा धुवू?" त्यांचं चुकलं असं तेव्हा मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांनी सगळं उन्हात वाळवलं, झटकलं आणि बांधलं.

उद्घाटनाला गर्दी झाली. भाषणं झाली. बिरूभाऊ कळप घेऊन मुद्दाम त्या वाटेनं आले, डोक्याला नवा पटका. भावाचं काम बघून त्यांची छाती फुगली होती. आणि मग ते घडलं. कळपातली पुढची मेंढी दगडाकडं वळली, मान वर करून तिनं प्लॅस्टिकच्या मेंढीचा पाय हुंगला आणि चाटायला लागली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. जिवंत मेंढरं आपल्या कृत्रिम आईला चाटतायत, असं कुणीसं माइकवरून म्हणालं. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. सरांनी तो कापून स्टाफरूमच्या काचेखाली ठेवला. त्या फोटोकडं नीट पाहिलं तर एका मेंढीच्या तोंडातून निळ्या पट्टीचं टोक लोंबताना दिसतं. तेव्हा कुणालाच दिसलं नाही, सरांनाही नाही.

पुढं कधीतरी, उन्हाळा तोंडावर असताना, बिरूभाऊंचा निरोप आला. दादाला घेऊन या, वेळ करू नका. सर, वहिनी आणि मी, तिघं रिक्षानं गेलो. कळप एका नांगरलेल्या शेतात बसवला होता. बाजूला काही मेंढरं आडवी पडलेली, पोटं टम्म फुगलेली. कळपातलं एक दगावलं की मेंढपाळ त्याचं पोट फाडून बघतात. रोग कोणता ते समजलं तर बाकीची वाचवता येतात. बिरूभाऊंनी तेच केलं होतं. त्यांनी आमच्यासमोर घमेलं ठेवलं. त्यात ओला, हिरवट, नारळाएवढा गोळा होता. ते खाली बसले आणि बोटांनी गोळा सोडवायला लागले. पिशव्या सुटत होत्या, पण मधे एक दोर होता, तो काही सुटेना. पोटातल्या पाण्यात इतके दिवस राहूनही गाठ तशीच आवळलेली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"ही गाठ कुनाची, दादा?" बिरूभाऊंनी विचारलं.

सरांनी गाठ बोटांत धरून पाहिली. "माझी."

"बाबानं दोघालाच शिकवली व्हती. म्या तर नाय मारली." बिरूभाऊंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या मेंढीनं माझी मेंढरं खाल्ली, दादा."

बिरूभाऊ त्यानंतर भावाच्या घरी कधी जेवायला आले नाहीत. दिवाळीला आले नाहीत, वहिनींच्या आजारपणात येऊन दारातूनच विचारपूस करून गेले. आणि कळपाला दुसरी वाट तरी कुठं होती? दगडावर मीठ टाकणं त्यांनी बंद केलं, पण चौक आला की मेंढरं तिकडंच ओढ घ्यायची. माणसं वाट विसरतात, मेंढरं विसरत नाहीत. त्यात शहरातल्या मोकाट गायींनाही त्या जागेचा सुगावा लागला.

सर समितीतल्या साहेबांकडं गेले. मेंढी काढून टाका म्हणाले. साहेब हसले. "अहो सर, सेल्फी पॉइंट झालाय तो! लोक लग्नाआधीचे फोटो काढायला येतात. आणि कलावंतानं आपलीच कलाकृती मोडायची भाषा करायची?" सरांनी अर्ज केले, खेटे घातले. मग एका सकाळी बादल्या घेऊन ते मेंढी धुवायला गेले, तर टँकरपाशी उभ्या बायांनी त्यांना फैलावर घेतलं. "लेकरं तहानली आन् मास्तर कचऱ्याला अंघोळ घालतोय!" शेवटी कटर घेऊन गेले. तिथल्या रखवालदारानं हात धरला. सरकारी मालमत्तेला हात लावाल तर आत जाल, म्हणाला. स्वतःच्या हातानं बांधलेली गाठ सोडवायला त्या माणसाला मनाई होती. मेंढीभोवती जाळी लावून घेतली, ती महिनाभरात चोरीला गेली.

मग ते काठी घेऊन बसायला लागले. शाळा सुटली की चौकात. निवृत्त झाल्यावर सकाळपासून चौकात, वहिनी डबा द्यायच्या. बाप मेंढरं राखायचा, भाऊ मेंढरं राखत होता, आणि हे मेंढीपासून मेंढरं राखत होते. गाय आली की उठायचे, "हाड्, हाड्!" करून लांबवर हाकलून यायचे. येणारे-जाणारे त्यांना वेड्यात काढायचे. बिरूभाऊंचा कळप यायचा तेव्हा दोघं भाऊ दोन बाजूंनी उभे राहून कळप पार करून द्यायचे. एकमेकांशी बोलायचे नाहीत. मला त्या वेळी सरांचा राग यायचा. एवढं कशाला जिवाला लावून घ्यायचं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. शेवटची भेट झाली तेव्हाही मी हेच म्हणाले. ऊन मी म्हणत होतं, डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून बजावलेलं. "सर, तुम्ही काय जन्मभर पुरणार आहात का या जनावरांना?"

"मी नाय पुरणार, मॅडम," ते म्हणाले आणि काठीनं मेंढी दाखवली. "पण ही पुरंल. तेच तर..." लांब रस्त्यावर एक गाय दिसली आणि ते काठी टेकत उठले. पुन्हा कधी मी त्यांना उठताना पाहिलं नाही.

ते जाऊन आता काही आठवडे झाले. मृग कोरडा चालला आहे. परवा त्या समितीतल्या साहेबांचा फोन आला. सरांची स्मृती म्हणून मेंढी कायमस्वरूपी ठेवायची, खाली त्यांच्या नावाचा संगमरवरी फलक लावायचा आणि कार्यक्रमात मी दोन शब्द बोलायचे, असं ठरलं आहे म्हणे. मी फोनवर काय बोलले ते इथं छापण्याजोगं नाही. माझे दोन शब्द हेच आहेत, आणि ते मी इथं लिहिते आहे. ती मेंढी काढा. सरांची एवढीच इच्छा होती. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तिथं वजन असेल तर त्यांनी ते वापरावं.

काल सकाळी मी चौकात गेले. सरांच्या जागी कुणीतरी बसलं होतं. जवळ गेले तर बिरूभाऊ. कळप पुढं धाकट्या पोरांबरोबर लावून दिला होता.

"बिरूभाऊ, तुम्ही इथं?"

"मंग कोन बसंल?" ते म्हणाले. "दादा व्हता तवर मी बोललो नाय. आता बोलाया कुनी नाय." डोळे पटक्याच्या शेवानं पुसले. मग हळूच म्हणाले, "पर मॅडम, हितं बसून काय व्हईना झालंय. हे बगा."

ते उठून मेंढीपाशी गेले आणि त्यांनी तिच्या पोटावर नुसता तळहात ठेवला. इतक्या वर्षांच्या उन्हानं ती आतून करपली होती. हाताखाली पापडासारखा चुरा झाला. निळा, पांढरा, लाल, नखाएवढा, त्याहूनही बारीक. गाठीही चुरल्या. ज्या गाठी भिजून सुटल्या नव्हत्या, त्या हातात पीठ होऊन आल्या. तेवढ्यात वारा सुटला. तो चुरा उचलला गेला आणि चौक ओलांडून, भिंतींवरून, खाली जिथं बिरूभाऊंचा कळप दिसत होता त्या माळाकडं निघाला. मेंढरं खाली माना घालून चरत होती.

"ए... ए... हाड्!" बिरूभाऊ ओरडले, आणि काठी उगारून त्या उडणाऱ्या चुऱ्याच्या मागं रस्त्यापलीकडं धावत सुटले.