आवळलेला भाता

मला अ‍ॅकॉर्डियन कधीच आवडला नाही. गावच्या प्रत्येक लग्नात तो आमच्या खिडकीखाली येऊन किंचाळायचा. त्यामुळे कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात, माझ्या ड्रायव्हर चुलतभावाच्या खोलीत, एक वयस्कर वेल्डर छातीवर तेच धूड घेऊन बसलेले दिसले, तेव्हा मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

पण आवाज येईना. भाता चामड्याच्या बंदांनी आवळलेला होता. डोळे मिटून, मान डोलवत ते नुसती बोटं पळवत होते. ठिणग्यांनी भाजलेली ती जाड बोटं काय अलगद पडत होती पट्ट्यांवर! ऐकू यायची ती फक्त टकटक. गाणं कुठलं, मला काही ओळखता येईना. तरी मी बघतच राहिलो.

"खोलीत आवाज चालत नाही," ते म्हणाले. "पण बोटांना कसं समजावू?"

"मीच बंद करायला लावलंय," भाऊ भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या म्हणाला. "ते वाजलं की घर आठवतं. मग दिवस जात नाही."

बोटं थांबली. वेल्डर अ‍ॅकॉर्डियन खाली ठेवू लागले.

"काका," भाऊ तसाच पडून म्हणाला, "शेवटचं कडवं राहिलं."